वस्त्रकामगारांविषयीचे नैतिक दायित्व

परदेशी कारखान्यांत शिवलेले कपडे विकणाऱ्या कंपन्या व ते घेणारे ग्राहक यांच्यावर तेथील कामगारांची सुरक्षितता, वेतन व कामाचे तास यांबाबत येणारी जबाबदारी. कारखाना कंपनीच्या मालकीचा नसतो. मात्र भाव व मुदत तीच ठरवीत असल्याने कामगारांच्या स्थितीशी तिचा संबंध नाही, असे म्हणता येत नाही.

हा प्रश्न मुंबईत एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांसाठी कायदा व्हावा, असा आग्रह लँकाशरच्या गिरणीमालकांनी धरला. त्यात भूतदयेपेक्षा व्यापारी स्पर्धेचा भाग मोठा होता. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. प्रौढांच्या तासांना मर्यादा घातली नाही. त्यांची बाजू नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडली. १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सादर केले; रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती व वेळेवर पगार या त्यातील मागण्या होत. साप्ताहिक सुटी १८९० मध्ये मान्य झाली. बाहेरच्यांचा कळवळा स्वार्थमिश्रित असला, तरी त्यामुळे मागणी खोटी ठरत नाही, हे या प्रकरणावरून दिसते.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील सावार येथे राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. त्यामुळे खालची बँक व दुकाने बंद राहिली, शिवणकामगारांना मात्र आत जाण्यास भाग पाडण्यात आले. तपासणीच्या प्रमाणपत्रांवर विसंबणेही धोक्याचे असते : सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील ज्या कारखान्याच्या आगीत २५० हून अधिक कामगार मृत्यू पावले, त्यास काही आठवड्यांपूर्वीच असे प्रमाणपत्र मिळाले होते.

मे २०१३ मध्ये कंपन्या व कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला. त्याने स्वतंत्र तपासणी व दुरुस्ती यांची सोय केली. वेतनाचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहिला. ग्राहकाच्या हाती बहिष्काराचे साधन आहे. परंतु मागणी एकाएकी तुटल्यास प्रथम काम जाते ते कामगाराचेच. म्हणून कारखान्यांची नावे जाहीर करण्याचा आग्रह अधिक उपयुक्त ठरतो.

भारतीय कापूस व सूत यांचा बांगलादेश हा मोठा ग्राहक आहे. वऱ्हाडात, उदा., वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजाच्या परिसरात, वेचलेला कापूस सरकी काढताना इतर गावांच्या कापसात मिसळतो. पुढे सूत झाल्यावर त्याचा माग काढणे जवळजवळ अशक्य होते. १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेल्या जर्मन कायद्याने मुख्य भर थेट पुरवठादारांवर दिला; कापूस वेचणारी मजूर स्त्री त्यांच्याही कितीतरी टप्पे अलीकडे असते.