पंच आणि मध्यस्थ

शाळामास्तराला पेन्शन लागली कीं गांव त्याला पंच करितें. नांदेड जिल्ह्यांतील दोघा भावांनीं सामायिक विहिरीच्या पाळीवरून मला असेंच बोलाविलें. मीं सातबारा पाहिला, दोघांचें ऐकलें आणि आठवड्याचे दिवस वांटून दिले. हिशोबांत चूक नव्हती. पण धाकट्यानें थोरल्याशीं बोलणें टाकलें, आणि त्या भाऊबीजेस त्यांची बहीण दोन दारीं निरनिराळी ओवाळून गेली.

माझें चुकलें तें हें कीं मीं निवाडा दिला. मराठेशाहींतील गोतसभाही निवाडाच देई. तो महजरावर लिहिला जाई व कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. आजचा मध्यस्थ मात्र कोणाचें खरें हें ठरवीतच नाहीं. तो दोन्ही पक्षांस एकत्र बसवितो, मग एकेकाशीं एकांतांत बोलतो. एकानें विश्वासानें सांगितलेलें त्याच्या संमतीवांचून दुसऱ्याच्या कानीं घालीत नाहीं. तेथील बोलणें कोर्टांत पुरावा म्हणून वापरतां येत नाहीं. जमलें तर अटी लिहून सह्या होतात व न्यायालय त्याप्रमाणें हुकूमनामा करितें. न जमलें तर दावा होता तेथूनच पुढें चालतो.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें समेटाचा प्रयत्न हें न्यायालयाचें कर्तव्यच ठरविलें. दिवाणी प्रक्रिया संहितेचें सध्यांचें ८९ वें कलम १ जुलै २००२ पासून लागू झालें, आणि २०२३ सालीं स्वतंत्र मध्यस्थी कायदा झाला. चौकशी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे करावी. स्त्रियांस तेथें उत्पन्न न पाहतां मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतों. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. ‘माहेर तुटेल’ असें भिववून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणें ही मध्यस्थी नव्हे. तसेंच, जिला घरांत मार बसतो तिला तडजोडीला बसविण्याआधीं संरक्षण हवें.

विहिरीचें तें प्रकरण पुढें दाव्यांत गेलें आणि न्यायालयानें मध्यस्थाकडे पाठविलें. तेथें काय झालें तें धाकट्यानेंच मला मागाहून सांगितलें. मध्यस्थ बाईंनीं त्याला विचारलें, “तुमच्या पाळीच्या दिवशीं वीज केव्हां असते?” आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यांत कांहीं वार दिवसा व कांहीं वार रात्रीं येते, आणि त्याच्या वांट्याचे सारे वार रात्रीचे होते. अंधारांत पाणी देतांना पायावरून साप गेल्यापासून बायको त्याला जाऊं देईना. थोरल्याला हें ठाऊकच नव्हतें. पाळीचे वार एक आठवड्याआड अदलून घ्यावयाचें दोघांनींच ठरविलें.

अंकगणित शिकविण्यांत जन्म घालविला, पण तो प्रश्न मला सुचला नव्हता.