वाळूची पाच पोती

सकाळी पावणेआठ. शटर उघडून चहा सांगायच्या आधीच मी ट्रॉलीखाली जातो. पाठीखाली बारदान, हातात अर्ध्या किलोची हातोडी. चॅनलवर ठोके मारत पुढून मागे सरकायचं. निरोगी लोखंड टणकन बोलतं, आतून खाल्लेलं भद्द करतं. आज पुढचा सगळा सांगाडा बोलला. मागच्या आडव्या चॅनलवर मात्र हातोडी चिखलात बसावी तशी बसली आणि गंजाची पोपडी थेट डोळ्यांत आली. गॉगल लावा रे, असं पोरांना रोज मीच ओरडतो.

ट्रॉली दोन चाकी, दहा बाय सहाची, शिरोळकडची. आयुष्यभर कारखान्याला ऊस ओढलाय. अशा ट्रॉल्या नेहमी मागच्या कोपऱ्यांतच सडतात. पाचट आणि माती तिथे जाऊन बसते, हंगाम संपल्यावर झाडायचं कुणाला सुचत नाही आणि पावसाळाभर तो ओला गोळा पत्र्याला चिकटून राहतो. आता हिची फिरती रसवंती करायची आहे. ऊस वाहून झाला, आता रस विकायचा. मुदत चैत्र पौर्णिमेची, जोतिबाच्या यात्रेची. हातात तेवीस दिवस.

नऊ. मिस्त्री आला, मागोमाग पोरगा. पोरग्याने ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला तसा मी त्याचा हात धरला. आधी चेसिस नंबर. दांडीच्या मुळाशी रंगाच्या चार थरांखाली तो असतो. रॉकेलच्या चिंधीने पुसत पुसत आकडे वाचले, आरसीशी ताडून बघितले आणि वर चिकटपट्टी मारली. ग्राइंडरने एक आकडा जरी गेला तरी ट्रॉली कागदावर बेवारस होते. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की आरसीवरच्या माहितीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. म्हणून आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय मी वरचा सांगाडा उभा करत नाही. खालची दुरुस्ती तेवढी चालू ठेवतो. काही गिऱ्हाइकं याच्यावरनं उठून गेलीत. जाऊ देत.

दहा. मालक-मालकीण आले. दादांनी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, आता कंबर गेलीय. धंदा वहिनी करणार, त्यामुळे बोलणंही वहिनीच करतात.

"रंग पिवळा. आणि घुंगरू पायजेत."

"घुंगरू लावू. नाव काय टाकायचं?"

"कानिफनाथच की. दुसरं काय असतंय?"

खरंच दुसरं क्वचितच असतं. पुरंदर तालुक्यातल्या बोपगावचे कानिफनाथ. तिकडच्या माणसांनी हा धंदा गावोगाव नेला आणि पाटीवर आपला देव नेला. आता ज्याने बोपगाव पाहिलेलं नाही तोही तीच पाटी लावतो. वहिनींनीही पाहिलेलं नाही, मी विचारलं.

मग वहीतलं चित्र निघालं. चरक अगदी मागे, फाळका खाली पाडला की समोर गिऱ्हाईक. चित्र छान होतं. ट्रॉली उलटली असती.

असं तोंडाने सांगून पटत नाही. शेजारच्या धान्याच्या दुकानातून वजनकाटा आणला, दांडीचं टोक त्यावर टेकवलं. रिकाम्या ट्रॉलीचा भार १४८ किलो. मोटारीसकट चरक साधारण अडीचशे किलोचा, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरली, पन्नास-पन्नासची पाच. चित्राप्रमाणे मागच्या कडेला मांडली. काटा ४० वर आला.

"अजून चाळीस हायत की," वहिनी म्हणाल्या.

"रस काढायला माणूस कुठं उभा राहणार?"

मिस्त्री आणि पोरगा मागे चढले. दांडी काट्यावरनं उचलली, हळूच, झोपेतून कुणी मान वर करावी तशी. पोरगा घाबरून उडी मारून खाली आला, त्याबरोबर दांडी दाणकन काट्यावर आदळली. (काट्याला पोचा आलाय. दुकानदाराला अजून सांगितलेलं नाही.) हे सपाट जमिनीवर. जोतिबाचा डोंगर चढताना भार आणखी मागे सरकतो, ट्रॅक्टरची मागची पकड सुटू लागते आणि सगळा जीव एका पिनेवर येतो. दादा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पिन तुटलेली मी बघितलीय." कुठे, कधी, काही नाही. तेवढंच बोलून तंबाखू मळायला लागले.

पोती उचलून आसाच्या वीतभर पुढे रचली. काटा १७३. दोघं परत मागे चढले, १०८. दांडी जागची हलली नाही.

मग गिऱ्हाईक कुठून येणार? डाव्या बाजूने. आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो, तेव्हा खिडकी डावीकडे असली की पेला घेणारा माणूस कडेला उभा राहतो, वाहनांत नाही. वहिनींनी चित्राचं पान फाडलं, पाठीमागे नवीन काढलं. रस्सीखेच फक्त पत्र्यावर झाली. त्यांना वरही तीन मिलीचा जाड पत्रा हवा होता, "दणकट" म्हणून. आठ बाय चारचा तसला एक पत्रा सत्तर किलो भरतो. तीन मिली तळाला घालू, वर सव्वा मिली पुरे. मान हलली, पण मन नाही. दणकट म्हणजे जड, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं आहे.

दीड. डबा.

दोन. चाकं उतरवली. वर-खाली धरून हलवल्यावर डावं चाक खुळखुळत होतं. बेअरिंग काढलं, ग्रीसच्या जागी काळी माती. पाट्यांत मेन पाटा मोडलेला. तो कधीतरी मोडला असणार आणि तसाच हंगाम ओढला असणार. पूर्ण सेट बदलायचा, यू-बोल्टसकट. एकच पाटा बदलला तर नवा ताठ आणि जुने बसलेले, सगळा भार त्या एकट्यावर.

साडेतीन ते साडेपाच वेल्डिंग. मागचा चॅनल कापून टाकला, नवा बसवून चारी कोपऱ्यांत टाके मारले. लगेच पूर्ण वेल्ड ओढलं तर सांगाडा तापून पिळतो, म्हणून आधी कर्ण मोजायचे. दोन्ही कर्णांत चार मिलीचा फरक. एक टाका तोडला, परत मारला. छताच्या कमानींना परवानगीचा मुहूर्त लागायचाय. त्यांचे जीआय पाइप मिस्त्रीने कोपऱ्यात रचले आणि टोकांचं जस्त आताच घासून ठेवायला पोरग्याला बसवलं. तसंच वेल्ड केलं तर पांढरा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो. मिस्त्री म्हणतो, गूळ खाल्ला की उतरतो. मी म्हणतो, घासल्यावर गूळ वाचतो.

मधेच स्टीलवाला ओट्याचा पत्रा टाकून गेला. मी ३०४ सांगितलेला, कारण उसाचा रस आंबतो आणि हलक्या स्टीलला डाग पाडतो. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणून पोरगा खूश. पण २०२लाही ते चिकटत नाही. त्यामुळे बिलावर ग्रेड लिहून घेतली. आणि त्या पत्र्याला वेगळी चकती, वेगळा ब्रश. लोखंड घासलेल्या चकतीने स्टील घासलं की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात ओट्यावर तांबडे ठिपके उमटतात. मग लोक म्हणतात, स्टील खोटं निघालं.

सहा. आता घाई. घासून उघडं पडलेलं लोखंड रात्रभर ठेवायचं नसतं, पहाटेच्या दवाने सकाळपर्यंत त्याच्यावर केशरी पूड धरते. रेड ऑक्साइड ढवळून तिघंही ब्रश घेऊन खाली शिरलो. वहिनी जाता जाता वाकून म्हणाल्या, "हा रंग कुणाला दिसणार न्हाई, तरी दोन हात?" दोन हात, म्हटलं. एक तासाने पहिला सुकला, दुसरा उजेड गेल्यावर बॅटरीवर मारला.

आठ. पोरग्याने डाव्या पाट्याच्या वरचा वीतभर भाग सोडलाय. बॅटरीच्या झोतात तो पांढरा चकाकतोय. पोरगा हात धुऊन पिशवी खांद्याला लावून उभा, त्याची एसटी सव्वाआठची. मी त्याला जा म्हणालो आणि ब्रश परत डब्यात बुडवला.