चितमपल्लींचे शब्दसंशोधन

मारुती चितमपल्ली (1932–2025) पेशाने वनाधिकारी. पण पशुपक्ष्यांविषयीचे त्यांचे काम भाषाभ्यासकाच्या वळणाचे आहे. त्याची एक मोठी भूमी म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले नवेगावबांध. इथे महाराष्ट्र-छत्तीसगड सीमेच्या दोन्ही बाजूंना जंगल, तळी, धानशेती आणि गोंड वस्ती आढळते. साहजिकच पाखरांची नावेही एका भाषेत मावत नाहीत.

ही नावे गोळा करणे हा चितमपल्लींच्या संशोधनाचा गाभा होय. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांकडून त्यांनी रानातली बोली टिपली, तर दुसरीकडे जुने संस्कृत ग्रंथ अभ्यासले. हंसदेवाच्या मृगपक्षिशास्त्राची मराठी आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. त्यांच्या ‘पक्षिकोशा’त शास्त्रीय, संस्कृत आणि लोकभाषेतली नावे शेजारी नांदतात. हे काम दिसते त्याहून अवघड आहे. रामायणातला क्रौंच नेमका कोणता, यावर आजही एकमत नाही. काही अभ्यासक तो सारस मानतात. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदियाच्या भातखाचरांतच उरला आहे. 2025 मध्ये चितमपल्लींना पद्मश्री मिळाली.