बंदराची वेस बांधाजवळ

इंदापूर तालुक्यातल्या पॅकहाऊसमधून द्राक्षांचा कंटेनर भरून निघतो, तेव्हा त्याच्या दाराला लागलेले सील ही देशाच्या सीमेवरची पहिली कडी असते. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना समुद्र नाही. तरीही बोरीसारख्या गावांतली काळी द्राक्षे, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची केळी, डाळिंबे आणि बारामती एमआयडीसीत तयार होणारी तीनचाकी वाहने व खाद्यपदार्थ परदेशी जातात. बारामतीची गाडी पाटसवरून आणि इंदापूरची भिगवणवरून पुणे–सोलापूर महामार्गाने पुण्याकडे येते. तिथून घाट उतरून ती उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात पोहोचते. हा सगळा प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा आहे.

तस्करीचा मालही अशाच रस्त्यांनी, अशाच पेट्यांतून आणि अशाच कागदपत्रांच्या आडोशाने फिरतो. त्यामुळे त्याला अडवण्याचे काम बंदराच्या फाटकावर सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. कारखाना, गोदाम, महामार्ग, बंदर, विमानतळ आणि परदेशातले बंदर या प्रत्येक ठिकाणी वेगळे खाते पहारा देत असते. त्या सर्वांची माहिती वेळेत एकत्र येणे, हाच या कामाचा गाभा आहे.

फळांच्या पेट्या आणि पांढरी भुकटी

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशातल्या प्रमुख बंदरांमधून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीपैकी जवळपास निम्मी वाहतूक हे एकटे बंदर हाताळते. वीस फुटी पेटी हे एकक धरले, तर वर्षाला सत्तर लाखांहून अधिक पेट्या इथून ये-जा करतात. एवढ्या पेट्या एकेक करून उघडणे शक्य नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या मते, जगभर फिरणाऱ्या कंटेनरांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी कंटेनरांची प्रत्यक्ष तपासणी होते. तस्करांचा भरवसा असतो तो याच गर्दीवर.

न्हावा-शेवात सापडलेला माल पाहिला, तर लपवण्याच्या किती तऱ्हा असतात हे कळते. ऑगस्ट २०२० मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय (डीआरआय) आणि सीमाशुल्क विभागाने १९१ किलो हेरॉइन पकडले. ते बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत भरले होते आणि कागदोपत्री ती आयुर्वेदिक औषधी होती. जुलै २०२१ मध्ये इराणहून आलेल्या मालातून सुमारे २९० किलो हेरॉइन हाती लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी याच बंदरातल्या ज्येष्ठमधाच्या कंटेनरपर्यंत माग काढला. हेरॉइनचा लेप त्या काड्यांनाच दिलेला होता.

फळबागायतदारांनी ध्यानात ठेवण्यासारखे प्रकरण ऑक्टोबर २०२२ मधले आहे. दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या संत्र्यांच्या पेट्या घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये वाशी येथे डीआरआयला १९८ किलो मेथॅम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन मिळाले. काही दिवसांतच न्हावा-शेवात हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून सुमारे ५० किलो कोकेन बाहेर आले. नाशवंत माल फार काळ रोखून धरता येत नाही, हे तस्करांना पक्के ठाऊक असते. दक्षिण अमेरिकेतून युरोपला जाणाऱ्या केळ्यांच्या कंटेनरमधून कोकेन पाठवण्याचा धंदा याच हिशोबावर वाढला.

यातली एक पद्धत प्रामाणिक निर्यातदाराला विशेष घातक ठरते. माल पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पत्ता लागू न देता वाटेत सील तोडले जाते, दाराशी अमली पदार्थांच्या पिशव्या ठेवल्या जातात आणि तसेच दिसणारे खोटे सील लावले जाते. पलीकडच्या बंदरात टोळीचे साथीदार पेटी गाठून पिशव्या काढून घेतात. मध्येच माल पकडला गेला, तर पहिला संशय मात्र कागदावर नाव असलेल्या शेतकऱ्यावर किंवा कंपनीवर येतो.

एका फाटकावर अनेक खाती

बंदरावर आणि विमानतळावर सरकारची अनेक खाती शेजारी-शेजारी काम करतात. मालाची तपासणी आणि शुल्क हे सीमाशुल्क विभागाचे काम असून, त्याला १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचा आधार आहे. तस्करीची गुप्त माहिती काढणारी डीआरआय ही संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. ही दोन्ही खाती अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर १९८६ मध्ये उभे राहिलेले अमली पदार्थ नियंत्रण कार्यालय (एनसीबी) गृह मंत्रालयाकडे आहे. पासपोर्ट आणि व्हिसा तपासणारा इमिग्रेशन विभागही गृह मंत्रालयाचाच. प्रवाशांची आणि सामानाची सुरक्षा तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात, पण त्यांची नजर मुख्यतः शस्त्रे आणि स्फोटके शोधत असते. बंदराचे व्यवस्थापन बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाकडे, समुद्रातली गस्त तटरक्षक दल, नौदल आणि सागरी पोलिसांकडे, तर बंदराबाहेरचा रस्ता राज्य पोलिसांकडे असतो.

म्हणजे एकाच पेटीबद्दलच्या माहितीचे तुकडे वेगवेगळ्या दप्तरांत पडून राहू शकतात. आयातदार कंपनी गेल्याच महिन्यात नोंदली गेली, हे एका खात्याला माहीत असते. तिचा मालक परदेशी कोणाला भेटून आला, याची नोंद दुसऱ्याकडे असते. गोदामाचा पत्ता एखाद्या जुन्या गुन्ह्यात आलेला असतो आणि तो पोलीस ठाण्याच्या कागदांत असतो. हे तुकडे जुळले तरच संशय निर्माण होतो.

त्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये ‘एनकॉर्ड’ ही समन्वय यंत्रणा उभी केली आणि २०१९ मध्ये तिची चार स्तरांत मांडणी केली. वरच्या दोन समित्या केंद्रात, तिसरी राज्यात आणि चौथी जिल्ह्यात असते. जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली भरते. बारामती आणि इंदापूरच्या हद्दीतली गोष्ट न्हावा-शेवापर्यंत पोहोचण्याची सरकारी वाट इथून सुरू होते. सामान्य नागरिकाला माहिती देता यावी म्हणून २०२४ मध्ये ‘मानस’ ही १९३३ क्रमांकाची मदतवाहिनीही सुरू झाली. तिथे नाव न सांगताही खबर देता येते.

पेटीआधी कागद

माल येण्याआधी त्याची माहिती आली पाहिजे, हे आजच्या सीमासुरक्षेचे मुख्य सूत्र आहे. जहाजातल्या मालाची यादी जहाज कंपनी सीमाशुल्क विभागाला आगाऊ देते. संगणकावरची जोखीम-व्यवस्था आणि विभागाचे लक्ष्यनिर्धारण केंद्र ती यादी चाळते. कंपनी नवी आहे का, मालाची किंमत आणि भाडे यांचा मेळ बसतो का, मार्ग विनाकारण वळसा घेतो का, याआधी हा आयातदार काय मागवत होता, असे प्रश्न विचारले जातात. जिथे उत्तर खटकते तीच पेटी क्ष-किरण यंत्राखाली जाते. तरीही शंका राहिली तर ती उघडतात.

विमानप्रवाशांच्या बाबतीतही तसेच चालते. विमान कंपन्यांकडून प्रवाशांच्या आरक्षणाची माहिती घेण्याचे नियम केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये लागू केले. शेवटच्या क्षणी रोखीने घेतलेले तिकीट किंवा थोड्या दिवसांत पुन्हा पुन्हा केलेली तीच फेरी यावरून कोणाची झडती घ्यायची हे ठरवता येते. दुबईहून लुगदीच्या रूपात आणलेले सोने आणि बँकॉकहून येणारा, मातीविना वाढवलेला गांजा अशा तपासणीतून सापडतो. सोन्यावरचे आयातशुल्क जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर आणले गेले, त्यामागेही तस्करीतला नफा घटावा असा विचार होता.

जगात याच सूत्रावर दोन मोठे कार्यक्रम उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांचे कार्यालय आणि जागतिक सीमाशुल्क संघटना यांनी २००४ मध्ये कंटेनर नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात बंदरावर सीमाशुल्क, पोलीस आणि इतर खात्यांचे अधिकारी एकाच पथकात, एकाच खोलीत बसतात. २०१० मध्ये इंटरपोलच्या साथीने विमानतळांसाठी ‘एअरकॉप’ कार्यक्रम आला. पश्चिम आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या विमानतळांवर त्याची संयुक्त पथके उभी राहिली. एका विमानतळावरून निघालेल्या प्रवाशाची माहिती दुसऱ्या विमानतळाला विमान उतरण्याआधी कळावी, एवढा साधा त्यामागचा उद्देश आहे.

कारखान्यापासूनचा माग

तस्करी म्हणजे बाहेरून आत येणारा माल, ही समजूत अपुरी आहे. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतून १८ टनांहून अधिक इफेड्रिन जप्त केले. ते मेथॅम्फेटामाइन बनवण्यासाठी आफ्रिकेत पाठवायचे होते, असे तपासात पुढे आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बारामतीला लागूनच असलेल्या दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोन तयार करणाऱ्या कारखान्यावर छापा घातला. पुण्यातल्या सोमवार पेठेत पकडलेल्या थोड्याशा मालापासून हा माग सुरू झाला होता. विश्रांतवाडी, कुरकुंभ, कुपवाड आणि दिल्ली अशा ठिकाणी मिळून १,७०० किलोंहून अधिक मेफेड्रोन हाती लागले. त्यातला काही माल कुरियरने लंडनला गेल्याचे पोलिसांनी सांगितले आणि पुढे तपास एनसीबीकडे गेला.

मेफेड्रोनचा समावेश एनडीपीएस कायद्याच्या यादीत २०१५ मध्ये झाला. ते बनवायला ना अफूचे शेत लागते ना सरहद्द ओलांडावी लागते. लागते ती रसायने, रसायनशास्त्र जाणणारा माणूस आणि फारसे कोणी फिरकत नाही असे आवार. म्हणून कच्च्या रसायनांवरच्या नजरेला महत्त्व आले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारानुसार अशी रसायने निर्यात करण्याआधी घेणाऱ्या देशाला कळवण्याची पद्धत पडली आणि २००६ पासून ही सूचना संगणकीय जाळ्यातून जाऊ लागली. भारतात २०१३ च्या आदेशाने नियंत्रित रसायनांच्या निर्मितीपासून वाहतुकीपर्यंतची नोंद सक्तीची केली. बंद पडलेला कारखाना कोणी भाड्याने घेतला, तिथे रात्रीच काम का चालते, पिंपे कुठून येतात, या गोष्टी आधी गावाला दिसतात आणि मग दप्तराला.

किनाऱ्याने शिकवलेला धडा

खात्यांत मेळ नसला आणि पहारेकरीच फितूर झाला तर काय होते, हे महाराष्ट्राने १९९३ मध्ये भोगले. मुंबईतल्या १२ मार्चच्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स आणि शस्त्रे रायगडच्या दिघी आणि शेखाडी किनाऱ्यांवर उतरवली गेली होती. सोन्याचांदीच्या तस्करीसाठी रुळलेल्या वाटेनेच ती आली. पुढे न्यायालयाने सीमाशुल्क विभागाच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले. त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल आणि राज्य पोलीस यांची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने सुरू झाली. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली आणि मुंबईसह चार ठिकाणी संयुक्त कार्यकेंद्रे उभी राहिली. ‘सागर कवच’ सरावात आता सगळी खाती मिळून किनाऱ्याची परीक्षा घेतात.

माणसांची तस्करी

विमानतळावरून मालाबरोबर माणसेही फसवून नेली जातात. आखाती नोकरीचे आमिष हा जुना प्रकार, तर म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर तरुणांना डांबणे हा नवा. १९८३ च्या परदेशगमन कायद्यानुसार परदेशी नोकरी लावणाऱ्या दलालाची नोंदणी सक्तीची आहे. दहावी न झालेल्या कामगाराला ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. पर्यटक व्हिसावर नोकरीला पाठवणारा दलाल हीच परवानगी चुकवतो. अशा वेळी इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारलेला एखादा प्रश्न ही शेवटची संधी ठरते.

देशांमधला दुवा

सार्क देशांनी अमली पदार्थांविरुद्ध १९९० मध्ये आणि स्त्रिया व मुलांच्या तस्करीविरुद्ध २००२ मध्ये करार केले. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या ‘बिमस्टेक’ गटाचा दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरोधी करार २००९ मध्ये झाला, पण अमलात यायला २०२१ उजाडले. करारांची चाल अशी संथ असते. टोळ्या तोवर मार्ग बदलतात.

प्रत्यक्ष कामात उपयोगी पडते ती नियंत्रित सुपुर्दगी. संशयित माल बंदरात जप्त न करता नजरेखाली पुढे जाऊ देतात आणि तो ताब्यात घ्यायला येणाऱ्याला पकडतात. एनडीपीएस कायद्यात आणि २०१८ पासून सीमाशुल्क कायद्यातही तशी तरतूद आहे. मात्र माल देश ओलांडत असेल, तर दोन्हीकडच्या यंत्रणांचा एकमेकींवर विश्वास लागतो. वाटेत एकाने घाई केली तर हाती फक्त ट्रकचालक लागतो.

हंगाम आणि पहारा

या सगळ्याचा भार प्रामाणिक व्यापारावर पडतो. थंड केलेली द्राक्षे जहाजाने युरोपात पोहोचायला काही आठवडे घेतात. बंदरात अडकलेला एकेक दिवस त्यांचे आयुष्य कमी करतो. म्हणून विश्वासू निर्यातदाराला ‘अधिकृत आर्थिक परिचालक’ असा दर्जा देऊन त्याची तपासणी कमी करण्याची योजना भारताने २०११ मध्ये आणली. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या २००५ च्या आराखड्यावर ती बेतलेली आहे. ओळखीच्या पेट्या लवकर सुटल्या की अनोळखी पेट्यांसाठी वेळ उरतो.

द्राक्षांच्या बाबतीत कागदांची सवय आधीच आहे. २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘ग्रेपनेट’मध्ये बागेची नोंद होते, कीडनाशकांचे अंश तपासले जातात आणि पेटीवरून माल कोणत्या बागेतला हे शोधता येते. ही सोय युरोपच्या अटींसाठी झाली, पण माग काढण्याची तीच शिस्त सुरक्षेच्याही कामाची आहे. त्यात भर घालायची ती थोडीच. कंटेनर भरण्याआधी आतून तपासून घेणे, भरताना छायाचित्रे काढणे, सील आपल्यासमोर लावून घेणे, वाटेत गाडी अकारण थांबली तर नोंद ठेवणे. निर्यातीच्या कंटेनरसाठी २०१७ पासून रेडिओ लहरींवर वाचता येणारी इलेक्ट्रॉनिक सीलही आली. इंदापुरात लिहून घेतलेला सीलचा क्रमांक न्हावा-शेवाच्या फाटकावर तोच निघाला, तर मधल्या वाटेत दार उघडले गेलेले नाही असे मानायला आधार मिळतो. क्रमांक बदललेला असेल, तर पेटी जहाजावर चढण्याआधीच बाजूला घेतली जाते.