नाकाला झोंबणारं नत्र

पहाटे गोठ्याचं दार उघडलं की आधी वास येतो. रात्रभर बांधून असलेल्या जनावरांच्या मुताचा, डोळ्यांत पाणी आणणारा वास. कोल्हापूर-सांगलीकडे दुधाचा धंदा करणाऱ्या घरांना त्याची इतकी सवय असते की तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. हा वास अमोनियाचा असतो, आणि अमोनिया म्हणजे उडून चाललेलं नत्र. दुपारी त्याच घरातला माणूस युरियाच्या गोणीसाठी दुकानासमोर उभा राहतो.

दुधाचा हिशोब ही घरं चोख ठेवतात. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, दहा दिवसांचं बिल, सगळं तोंडपाठ. वैरणीच्या रानातून काय गेलं आणि काय परत आलं, हे मात्र कुठल्याच वहीत नसतं. तो हिशोब अवघडही नाही. दिवसाला दहा लिटर दूध देणारी संकरित गाय साधारण बारा किलो कोरडं खाद्य खाते. त्यात बारा टक्के प्रथिनं धरली तर ती झाली 1,440 ग्रॅम. प्रथिनांना 6.25 ने भागलं की नत्र निघतं, म्हणजे 230 ग्रॅम. दहा लिटर दुधातून बाहेर जातं ते जेमतेम पन्नास ग्रॅम. उरलेलं पावणेदोनशे ग्रॅम नत्र रोज शेणामुतातून गोठ्यात पडतं. वर्षाचे झाले साधारण 65 किलो, म्हणजे 45 किलोच्या तीन गोण्या युरियात असतं तेवढं. ही एका गाईची गोष्ट. दावणीला पाच असतील तर पंधरा गोण्या.

आता रानाकडे बघू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपिअर गवत नीट सांभाळलं तर वर्षाला हेक्टरी दीडशे टनांच्या वर, म्हणजे एकरी साठ टन हिरवा चारा देतं. त्यातलं पाणी वजा केलं की बारा टन कोरडा पाला उरतो. त्यात नऊ टक्के प्रथिनं धरली तर एकरातून वर्षाला पावणेदोनशे किलोच्या आसपास नत्र कापून नेलं जातं, आणि पालाश दोनशे किलोंच्याही वर. ज्वारीच्या रानात धसकटं राहतात, पालापाचोळा पडतो. चाऱ्याच्या रानात विळा बुडापासून चालतो, तोही वर्षातून सहा-सात वेळा, आणि भारा डोक्यावरून थेट गव्हाणीत जातो. इतकं ओरबाडून घेणारी पिकं थोडीच आहेत. तरीही गावात उसाला खताचे हप्ते ठरलेले असतात आणि वैरणीला उरलंसुरलं मिळतं.

‘आम्ही शेणखत टाकतो की!’ असं उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. पण साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. दहा टनांची ट्रॉली-ट्रॉली वाहतूक केली तरी रानात पडतं पन्नास किलो, आणि पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतो त्याचा फार तर तिसरा हिस्सा. बाकीचं पुढच्या दोन-तीन वर्षांत सावकाश सुटतं. शेणखतानं जमीन भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, सेंद्रिय कर्ब टिकतो. त्याला पर्याय नाही. पण नुसत्या शेणखतावर नेपिअर साठ टन देत नाही. लागणीवेळी शेणखत आणि प्रत्येक कापणीनंतर नत्राचा छोटा हप्ता, तोही मातीत मिसळून आणि लगेच पाणी देऊन, हीच वाट बरोबर. चुनखडीच्या रानात ओल्या मातीवर युरिया उघडा फेकला तर तोही अमोनिया होऊन हवेत जातो.

शेणखत मुळात इतकं हलकं का निघतं, याचं उत्तर गोठ्याच्या जमिनीत आहे. जनावराच्या पोटातून बाहेर पडताना अन्नद्रव्यांची वाटणी झालेली असते. स्फुरद बहुतेक सगळं शेणात, पालाश बराचसा मुतात आणि नत्र दोन्हीकडे. शेण आपण उचलतो. मूत नालीतून परसात, परसातून ओढ्याला. जे उकिरड्यावर पडतं त्याला वर छप्पर नाही, खाली फरशी नाही. उन्हात नत्र उडतं, पहिल्या वळवात पालाश धुऊन जातो. मे महिन्यात रानोरान शेणखताचे छोटे ढीग टाकून ठेवलेले दिसतात, पाऊस येईपर्यंत तीन-तीन आठवडे. त्या ढिगांतून त्या काळात काय जातं, ते डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच चालवून घेतलं जातं.

मूत धरून ठेवण्याची साधी युक्ती शंभर वर्षांपूर्वी इंदूरला बसवली गेली. अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे प्रमुख होते. ‘इंदूर पद्धती’चं कंपोस्ट त्यांचंच. त्या कामावरचं 1931 सालचं पुस्तक त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर लिहिलं. त्यांच्या बैलांच्या गोठ्यात मातीची जमीन होती. ती मूत पिऊन घ्यायची. काही महिन्यांनी तो थर खणून काढायचा, बारीक करून कंपोस्टच्या थरांत घालायचा आणि जागेवर नवी माती भरायची. जनावरांखाली पाचट, काड, बुस्कट पसरायचं, ते भिजलं की तेही कंपोस्टात. आजचे गोठे कोब्याचे आहेत, ते धुवायला सोपे आणि सडाला बरे. कोबा उखडायचं कारण नाही. पण उताराच्या टोकाला एक पक्की टाकी बांधून मूत आणि धुण्याचं पाणी तिच्यात घेतलं, किंवा नालीच्या तोंडाशी उसाच्या पाचटाचा ढीग ठेवला, तरी हॉवर्डचं काम होतं. ज्या पट्ट्यात पाचट अजूनही फडातच पेटवलं जातं, तिथे तर हे आधी व्हायला हवं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दुसऱ्या टोकाचा प्रश्न सोडवला: शेण थोडं आणि काडीकचरा भरपूर असेल तर काय? दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा विटांचा हौद, भिंतींना हवेसाठी भोकं, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर. साडेतीन-चार महिन्यांत खत तयार. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ पद्धत म्हणून देशभर गेली. पुरतं कुजलेलं खत हाताला गार लागतं, चहाच्या चोथ्यासारखं मोकळं असतं आणि त्याला पावसाच्या मातीचा वास येतो. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी रानात जातं.

या सगळ्यांत निर्मळ व्यवहार धनगरांचा. रात्रभर शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत जिरतात. वाहतूक नाही, उकिरडा नाही. त्यासाठी शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे मोजत आले, ते उगाच नव्हे.

आणखी एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. ज्यांनी मूत अडवलं, त्यांच्यातले बरेच जण ते पाटानं किंवा पाइपानं गोठ्यालगतच्या पाच-दहा गुंठ्यांत सोडतात, रोज, वर्षानुवर्षं. तिथलं नेपिअर काळंभोर, पुरुषभर उंच. लांबच्या रानातलं पिवळट. वैरण सगळ्या शेतातून येते आणि खत एकाच वाफ्यात जातं. त्या वाफ्यात पालाश साठत राहतो आणि गवत गरजेपेक्षा जास्त पालाश ओढून घेतं. असं गवत आटवलेल्या गाभण गाईला विण्याच्या तोंडावर पोटभर घातलं की हाडांतला कॅल्शियम वेळेवर मोकळा होण्यात अडथळा येतो आणि विल्यावर गाय दुग्धज्वरानं बसण्याचा धोका वाढतो. डॉक्टर कॅल्शियमची बाटली लावून तिला उठवतात. मूळ मात्र कधीकधी त्या गर्द हिरव्या वाफ्यात असतं.

कडवळाचं, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीचं, दुखणं वेगळं. भरपूर युरिया आणि मग पावसाची ओढ, अशा वेळी ताटात, विशेषतः बुडख्याकडे, नायट्रेट साठतं. कोवळ्या, करपलेल्या ज्वारीनं किराळ लागते हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. ते विष सायनाइडचं. नायट्रेटचं विष निराळं, त्यात रक्त चॉकलेटी पडतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापायची नाही, आणि ताणानंतर पाऊस झाला की लगेच विळा लावायचा नाही.

लसूणघासाला युरियाची भूकच नाही. मुळं अलगद खणून एक गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी दिसली तर ती हवेतलं नत्र ओढते आहे. तिथे घालायचं ते स्फुरद, तेही पेरणीवेळी मुळांजवळ, कारण चुनखडीच्या काळ्या रानात ते टाकल्या जागेवरून फारसं हलत नाही.

म्हणून दुधाच्या धंद्यातल्या प्रत्येक घरानं या उन्हाळ्यात, खत पसरण्याआधी, दोन कापडी पिशव्या घ्याव्यात. एकीत गोठ्यालगतच्या वाफ्याची माती, दुसरीत सगळ्यात लांबच्या वैरणीच्या रानाची. प्रत्येक रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’सारखा खड्डा करून कडेची माती काढावी, मिसळावी, सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती तपासणी प्रयोगशाळेत द्यावी. दोन्ही पिशव्यांवर वेगवेगळी चिठ्ठी लावायला विसरू नये. अहवाल हाती येईल तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून पालाशाचा आकडा आधी वाचावा, आणि यंदाची पहिली ट्रॉली कुठे रिकामी करायची ते तिथेच ठरवावं.