विमानातून उतरल्यावरचा थकवा : साधा कोणता, धोक्याचा कोणता?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. कॉटन ग्रीनला माझ्या दवाखान्यामागच्या चाळीत राहणाऱ्या एका मावशींच्या मुलीचा फोन होता, न्यू जर्सीहून. तिकडे रात्रीचे आठ वाजले होते. मावशी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. लेकीकडे पोचून त्यांना तीन दिवस झाले होते. "डॉक्टरकाका, आई नुसती झोपून आहे. जेवत नाही. पाय दुखतोय म्हणते."

मी अर्धवट झोपेत होतो. म्हणालो, "अगं, दोन रात्रींची झोप गेली आहे त्यांची. वयही सहासष्ट आहे. चार दिवस लागतीलच. पॅरासिटॅमॉलची गोळी दे आणि विश्रांती घेऊ दे." फोन ठेवला. चहाचे आधण ठेवताना एकदम लक्षात आले की मुलगी "पाय दुखतोय" म्हणाली होती, "पाय दुखताहेत" नव्हे. म्हणजे एकच पाय.

लगेच उलटा फोन लावला. कोणता पाय? डावा. कुठे दुखतो? पोटरीत. सूज? तिने टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी पोटरी उजवीपेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटरने जाड होती. तिला म्हटले, आता सकाळची वाट बघू नकोस. तासाभरात त्या तिथल्या रुग्णालयात होत्या. सोनोग्राफीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. वेळेवर उपचार सुरू झाले आणि मावशी बऱ्या झाल्या. पण माझा पहिला सल्ला चुकीचा होता, हे मी इथे कबूल करतो. आजचा लेख त्यासाठीच आहे.

परदेशी जाणे आता मुंबईपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावातले आईवडीलही लेकीच्या बाळंतपणाला, मुलाचे घर बघायला जातात. त्यांचा प्रवास मुंबईच्या माणसापेक्षा दुप्पट दगदगीचा असतो. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात. आदल्या रात्री गावाहून लक्झरी बस, दिवसभर कुणा नातेवाइकाकडे बॅगांची वजने करणे, संध्याकाळीच विमानतळ गाठणे आणि मग रात्रभराचे विमान. अमेरिकेला थेट विमानानेही पंधरा-सोळा तास लागतात. म्हणजे माणूस विमानात पाऊल ठेवतो तेव्हाच एका रात्रीच्या झोपेचा कर्जदार असतो. शक्य असेल तर दोन दिवस आधी मुंबईला या आणि एक रात्र पुरी झोप घ्या.

विमानात आपण नुसते बसलेलो असतो, मग एवढे थकायला काय होते, असे लोक विचारतात. विमान पस्तीस हजार फुटांवर असते. आतली हवा यंत्राने दाबून ठेवलेली असली तरी ती जमिनीवरच्यासारखी नसते, सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५४०० फूट आहे. म्हणजे रात्रभर तुम्ही कळसूबाईहून उंच जागी बसलेले असता. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. हृदयविकार, दमा किंवा जबर रक्तक्षय असलेल्यांना जाणवू शकते. त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. या विरळ हवेत पोटातला वायू फुगतो, म्हणून पोट गच्च वाटते. हवा कोरडीही असते, त्यामुळे घसा व डोळे सुकतात.

आता शरीराच्या घड्याळाकडे वळू. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, अंगाचे तापमान कधी उतरावे, हे तो ठरवतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर तो आपली वेळ लावून घेतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आमच्या गिरणगावाला मात्र हे घड्याळ आधीपासून ठाऊक होते. जानेवारी १९०६ मध्ये देशात प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे गेली, तेव्हा काही हजार गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध दंगा केला होता. इथली जुनी 'मुंबई वेळ' त्यानंतरही १९५५ पर्यंत टिकून होती. मी दवाखाना थाटला तेव्हा तिसऱ्या पाळीचे कामगार माझ्याकडे येत. पाळी बदलली की तीच तक्रार असायची : दुपारी डोळा लागत नाही, रात्री यंत्रावर डुलकी येते, पोट साफ होत नाही, छातीत जळजळते. परदेशी पोचलेल्या माणसाचे नेमके हेच होते. याला जेट लॅग म्हणतात. पाळी आठ तासांनी बदलते, तर मुंबई आणि न्यू यॉर्क यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो.

शरीराचे घड्याळ एका दिवसात साधारण एक ते दीड तासच सरकते. म्हणून अमेरिकेत रुळायला आठवडा जातो, कधी थोडा जास्तच. तो आजार नाही. दुबईच्या दीड तासाच्या फरकाने काही बिघडत नाही.

न्यू यॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराची पहाटे साडेचारची, म्हणजे गाढ झोपेची वेळ असते. म्हणून तिथे पोचलेले आजोबा संध्याकाळी सोफ्यावर पेंगतात आणि रात्री दोनला टक्क जागे होऊन चहा मागतात. उपाय साधा आहे. दुपारी जेवून पडदे ओढून झोपू नका. फारच डोळे मिटत असतील तर अर्धा तास पडा, गजर लावून. दुपारी बाहेर उजेडात फिरा आणि कसेही करून आठ-नऊपर्यंत जागे राहा. रात्री जाग आली तर दिवा, टीव्ही, मोबाइल लावू नका. पोटाचेही घड्याळ बदललेले असते, तेव्हा पहिले दोन दिवस लेकीने पाहुणचाराची हौस आवरावी. मुगाची खिचडी आणि ताक उत्तम. मेलॅटोनिनच्या गोळ्या काहींना उपयोगी पडतात. पण रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा फिट्स येत असतील तर आपल्या मनाने घेऊ नयेत. विमानात झोपेची गोळी तर घेऊच नका, कारण त्या गुंगीत माणूस सहा-सहा तास पाय हलवत नाही.

इथेच मावशींच्या पोटरीचा विषय येतो.

पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. तासन् तास पाय लोंबते ठेवून बसले की हा पंप बंद पडतो, रक्त साचते आणि गोठू शकते. यात विमानाचा दोष कमी, बसण्याचा अधिक. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनचे लोक बॉम्बहल्ल्यांच्या वेळी तळघरांत आरामखुर्च्यांवर रात्री काढत. तेव्हाही अशा गुठळ्यांनी अचानक मृत्यू झाल्याचे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका दुप्पट-तिप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच असतो, म्हणून घाबरून तिकीट रद्द करू नका. पण पूर्वी गुठळी झालेले, नुकतेच ऑपरेशन किंवा प्लास्टर झालेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, फार स्थूल आणि वयस्कर माणसे यांच्यात तो पुष्कळ वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढतो. आपल्याकडे प्रवासात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणतात. त्याही या यादीत येतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मावशी पुढे मला म्हणाल्या, "शेजारच्या गृहस्थांना किती वेळा उठवायचं हो? म्हणून पाणीच प्याले नाही." आपल्या बायकांचे हे हमखास होते. पाणी नाही म्हणून लघवी नाही, लघवी नाही म्हणून उठणे नाही. त्यातून त्यांनी सीटवर मांडी घातली होती आणि पायांपुढे चकलीच्या डब्यांची पिशवी. तेव्हा कडेची सीट मागून घ्या. पिशवी वर ठेवा. जागे असाल तेव्हा दर अर्ध्या-पाऊण तासाने टाचा वर, मग चवडे वर, असे वीसेक वेळा करा आणि दीड-दोन तासांनी एक चक्कर मारा. इंग्रजी येत नाही म्हणून धडधाकट माणसेही विमानतळावर चाकाची खुर्ची मागतात. मधल्या विमानतळावर तेवढे चालणे होते, तेही त्यात बुडते. ज्यांना धोका अधिक आहे त्यांना डॉक्टर घट्ट मोजे किंवा इंजेक्शन सुचवतील. नुसत्या प्रवासासाठी ॲस्पिरिन घेण्याची गरज नाही.

मधुमेही मंडळींसाठी थोडे. पश्चिमेला जाताना तुमचा दिवस लांबतो, परत येताना आखडतो. इन्शुलिनचा डोस त्याप्रमाणे किती बदलायचा हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा. 'इथे रात्र झाली' म्हणून रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांदा घेणारे मी पाहिले आहेत. इन्शुलिन आणि सर्व गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. खालच्या सामानात इन्शुलिन गोठून निकामी होऊ शकते. आणि पोचल्यावर माणूस घामाघूम, थरथरणारा, असंबद्ध बोलणारा दिसला तर 'दमलाय, झोपू दे' म्हणू नका. आधी साखर तपासा. तपासायचे यंत्र नसेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या.

जेट लॅगच्या थकव्याची खूण अशी की तो वेळेनुसार येतो-जातो आणि रोज थोडा कमी होतो. उतरल्यावर दोन्ही पावले सारखी सुजलेली असतील तर ती एक-दोन दिवसांत ओसरतात. पण एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, तिथे ऊब किंवा लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो पाय चोळू नका. दम लागणे, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीतून रक्त किंवा एकाएकी भोवळ, यांपैकी काही झाले तर गुठळी फुप्फुसात गेली असण्याची शक्यता असते आणि तिथे मिनिटे मोलाची असतात. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना प्रवासाची तारीख जरूर सांगा.

अमेरिकेत तातडीच्या मदतीचा नंबर ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२ आणि ऑस्ट्रेलियात ००० आहे. मुले कामावर गेली की आईवडील घरी एकटे असतात. तेव्हा नंबर आणि घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा. निघण्यापूर्वी प्रवासाचा वैद्यकीय विमा काढा आणि त्यात जुने आजार लपवू नका.

मावशी तीन महिन्यांनी परतल्या. येताना कडेची सीट होती. "एवढ्या चकरा मारल्या की ती विमानातली मुलगी मला ओळखायला लागली," म्हणाल्या. आठवडाभर त्यांना रात्री झोप नव्हती. पूर्वेकडे येताना घड्याळ जुळायला जास्तच दिवस लागतात. पोटरी मात्र मी टेपने स्वतः मोजली. दोन्ही सारख्या होत्या.