हिरवळीतील तणे : चंद्रपूर व गडचिरोली परिसर

घरासमोरील अंगणात किंवा परसात मुद्दाम लावून राखलेल्या आखूड गवताच्या पट्ट्यास हिरवळ म्हणतात. तीत न लावता उगवणाऱ्या आणि लावलेल्या गवताची जागा, पाणी, प्रकाश व अन्नद्रव्ये बळकावणाऱ्या वनस्पती म्हणजे हिरवळीतील तणे होत. तण ही वनस्पतिवैज्ञानिक वर्गवारी नव्हे. ती माणसाने ठरविलेली सोय आहे. हिरवळीसाठी सर्वत्र लावली जाणारी व गणेशपूजेत दूर्वा म्हणून मान पावलेली हरळी (लॅ. सायनोडॉन डॅक्टिलॉन, कुल-पोएसी) काळ्या जमिनीच्या शेतात शिरली, की तीच शेतकऱ्याची चिवट वैरीण ठरते. उलट, शेताच्या बांधावर भाजीसाठी खुडला जाणारा तरोटा हिरवळीत नकोसा होतो. म्हणून तण उपटण्यापूर्वी ते नेमके कोणते, हे ओळखणे महत्त्वाचे असते. काही तणे अंगावर पुरळ उठवितात, काहींची फळे अनवाणी पायांना इजा करतात, काही खाण्यायोग्य असतात, तर काही त्यांच्यासारखी दिसूनही अपायकारक असतात.

परिसर : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर (पूर्वीचे नाव चांदा) जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याचे दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेस वरोरा-भद्रावतीकडे काळी कपाशीची जमीन, तर पूर्वेस सिंदेवाही-ब्रह्मपुरीपासून वैनगंगेपलीकडे भातशेतीची हलकी, तांबूस-पिवळसर जमीन आढळते. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान अनेकदा ४५° से.च्या वर जाते. त्यामुळे पाणी न दिलेली हरळी उन्हाळ्यात वाळून सुप्तावस्थेत जाते, हिरवळीत उघड्या जागा पडतात आणि पहिल्या पावसाबरोबर त्या जागांवर गवताआधी तणे उगवतात.

वनविभागाची विश्रामगृहे, बल्लारपूरच्या कागद गिरणीची, भद्रावतीच्या आयुध निर्माणीची, कोळसा खाणींची आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची वसाहत येथील बंगल्यांभोवती हिरवळी राखण्याची रीत या भागात रुळली. पुढे ती शहरांतील घरांपर्यंत आली. या हिरवळींत तणांचे बी मुख्यतः तीन वाटांनी येते. पहिली वाट शेणखताची : रानात चरून आलेल्या जनावरांच्या पोटातून अनेक बिया न पचता बाहेर पडतात व न कुजलेल्या खतातून हिरवळीत उतरतात. दुसरी वाट मातीची : माजी मालगुजारी (मामा) तलावांचा गाळ सुपीक म्हणून बागेत टाकतात, परंतु त्याबरोबर मोथ्याच्या गाठी व केन्याचे तुकडेही येतात. तिसरी वाट कपड्यांची व जनावरांच्या केसांची : कुसळी गवताची पीळदार टोके व आघाड्याची फळे त्यांना चिकटून लांबवर जातात.

ओळखण्याची तत्त्वे : हिरवळीतील तणांचे सोयीसाठी तीन गट करतात. (१) गवते : खोड गोल किंवा चपटे, पेरे स्पष्ट, कांडी बहुधा पोकळ; पाने दोन रांगांत; पात्याचा तळ व आवरक यांच्या सांध्यावर पातळ जिव्हिका किंवा केसांची झालर. (२) मोथावर्गीय : खोड भरीव व बहुधा त्रिकोणी, बोटांत फिरविले असता कडा जाणवतात, पाने तीन रांगांत. (३) रुंदपानी तणे : पाने रुंद, बहुधा जाळीदार शिरांची, यांतील बहुतेक द्विदलिकित असून रोप उगवताना दोन दलिका दिसतात. गट निश्चित झाल्यावर पानांची मांडणी, खोड मोडल्यावर येणारा चीक, वास, फूल व फळ या क्रमाने पाहिल्यास बहुतेक तणांची ओळख पटते. हिरवळ वारंवार कापली जात असल्याने तणे मूळ उंचीस पोहोचत नाहीत. म्हणून केवळ उंचीवरून अंदाज बांधू नये.

गवते व मोथा : मकरा (लॅ. डॅक्टिलॉक्टेनियम ईजिप्टियम) हे जमिनीलगत पसरणारे वर्षायू गवत असून त्याची दोन ते सहा आखूड, जाड कणिशे पक्ष्याच्या पंजासारखी आडवी पसरतात. प्रत्येक कणिशाचा अक्ष कणिशकांच्या पुढे टोकदार निघालेला असतो. ही त्याची खूण होय. रान नाचणीचा (लॅ. एल्युसाइन इंडिका) झुबका असतो, तिचे बुंधे चपटे व पांढरट असतात, कणिशे लांब असतात आणि बहुधा एखादे कणीस इतरांपेक्षा थोडे खाली जोडलेले दिसते. हरळीची कणिशे या दोहोंपेक्षा बारीक व नाजूक असतात.

मोथा (लॅ. सायपेरस रोटुंडस, कुल-सायपेरेसी) हे हिरवळीतील सर्वांत चिवट तण होय. कापल्यावर एक-दोन दिवसांतच हिरवळीच्या वर निघालेली गडद हिरवी, चकचकीत पाती दिसली, की मोथ्याची शंका घ्यावी. त्याची जमिनीखालील मूलक्षोडे बारीक असून त्यांवर माळेतील मण्यांसारखी सुवासिक ग्रंथिक्षोडे असतात. पाते ओढले तर ते तुटून हाती येते व गाठी खालीच राहतात. उलट, मुख्य गाठ तुटल्याने माळेतील इतर गाठींना कोंब फुटतात. म्हणून मोथा उपटावयाचा नसून खणून काढावयाचा असतो, आणि तोही एकदा नव्हे, तर दर पंधरवड्यास.

रुंदपानी तणे : गाजर गवत (लॅ. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल-अ‍ॅस्टरेसी) हे नावाने गवत असले, तरी सूर्यफुलाच्या कुलातील आहे. अमेरिकेच्या उष्ण भागातील ही वनस्पती भारतात १९५५ मध्ये पुणे येथे आढळल्याची नोंद आहे. त्यानंतर ती देशभर पसरली. काँग्रेस गवत व चटकचांदणी या नावांनीही ती ओळखली जाते. कोवळ्या अवस्थेत तिची गाजराच्या पानांसारखी खोल विभागलेली पाने जमिनीवर चक्राकार पसरतात. पुढे रेषा असलेले उभे खोड व पांढरी लहान स्तबके येतात. कापलेल्या हिरवळीत ती बुटकी राहूनही फुलते. तिच्या संपर्काने अनेकांना त्वचादाह होतो व परागांमुळे श्वसनाचा त्रास होऊ शकतो. हा त्रास पहिल्या स्पर्शात होईलच असे नाही. वारंवार संपर्क आल्यावर अधिहर्षता निर्माण होते आणि मग थोडाही स्पर्श पुरतो. म्हणून फुलण्यापूर्वी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून ती मुळासकट काढावी. तिच्या नियंत्रणासाठी झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकोतील भुंगेरा १९८३ मध्ये भारतात आणण्यात आला. तो पावसाळ्यात तिची पाने खातो. जबलपूर येथील तणविज्ञान संशोधन संस्थेतर्फे दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो.

एकदांडी (लॅ. ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स) याच कुलातील असून तिच्याशी गाजर गवताचा घोटाळा करण्याचे कारण नाही. एकदांडीची पाने समोरासमोर, केसाळ व दातेरी असतात आणि लांब, एकाकी दांड्यावर पिवळ्या मध्याचे एकच स्तबक येते. तिच्या पानांचा रस खरचटल्यावर लावण्याची प्रथा खेड्यांत आहे.

तरोटा किंवा टाकळा (लॅ. सेना टोरा, कुल-लेग्युमिनोजी) पहिल्या पावसानंतर दाट उगवतो. संयुक्त पानात दलांच्या तीन जोड्या असून खालच्या जोडीच्या दलांमध्ये लहान प्रपिंड असते. दले रात्री मिटतात. फुले पिवळी व शेंगा लांब, बारीक असतात. कोवळ्या पानांची भाजी विदर्भात आवडीने खातात.

घोळ (लॅ. पोर्टुलाका ओलेरॅसिया) व नायटी किंवा दुधी (लॅ. यूफोर्बिया हिर्टा आणि यूफोर्बिया थायमिफोलिया) यांतील भेद प्रत्येकाने जाणून घेण्यासारखा आहे. दोन्ही जमिनीलगत पसरतात व दोन्हींची खोडे तांबूस असतात. घोळीची पाने व खोड मांसल, गुळगुळीत असून मोडल्यास पाण्यासारखा रस येतो. फुले पिवळी असून उन्हात उमलतात आणि फळ झाकणासारखे उघडते. नायटीची पाने पातळ, समोरासमोर व तळाशी विषम असतात आणि खोड मोडताच पांढरा दुधी चीक येतो. हा चीक त्वचेस व विशेषतः डोळ्यांस दाहक असतो. घोळ भाजीसाठी खुडताना प्रत्येक काडी मोडून पाहावी; पांढरा चीक दिसल्यास ती टाकून द्यावी व हात धुवावेत.

आंबुशी (लॅ. ऑक्झॅलिस कॉर्निक्युलॅटा) व रानमेथी (लॅ. डेस्मोडियम ट्रायफ्लोरम) या दोहोंच्या पानांत तीन दले असतात. आंबुशीची दले हृदयाकृती, चव आंबट, फुले पिवळी. पक्व बोंड स्पर्शाने फुटून बिया उडवते. रानमेथीची दले टोकाशी किंचित खाचदार, फुले जांभळट-गुलाबी व शेंगा सांधेदार असतात. रानमेथीच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. त्यामुळे विरळ हिरवळीत ती थोडी राहिल्यास बिघडत नाही.

केना (लॅ. कॉमेलिना बेंगालेन्सिस) एकदलिकित असूनही त्याची पाने रुंद असतात. फुले निळी, घडी घातलेल्या छदातून निघणारी. काही फुले जमिनीखाली येतात व तेथेच बी धरतात. खोडाचा तुकडा ओल्या जमिनीवर पडला तरी मुळे फुटतात, म्हणून यंत्राने कापल्यास केना कमी न होता पसरतो. सराटा किंवा गोखरू (लॅ. ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस) कोरड्या, वाळूमिश्रित जागी पसरतो. त्याच्या पिवळ्या फुलांनंतर येणारी काटेरी फळे लहान मुलांच्या तळपायांत रुततात. फुले दिसताच ते काढावे.

अरण्याशी संबंध : या दोन जिल्ह्यांत हिरवळ व अरण्य यांतील अंतर थोडे आहे. घाणेरी (लॅ. लँटाना कॅमारा) एकेकाळी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली व बागांतून निसटून जंगलात पसरली. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात स्थलांतरित गावांच्या जागी जी कुरणे तयार झाली, त्यांतून तरोटा, रानतुळस (लॅ. मेसोस्फेरम सुआविओलेन्स) यांसारखी तणे काढून टाकावी लागतात, कारण ती वाढली की तृणभक्षक प्राण्यांना उपयुक्त गवते मागे पडतात. घरातील उपटलेली तणे बी धरलेली असताना नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकणे म्हणजे हाच प्रश्न वाढविणे होय. उंच माजलेले तण घरालगत राहिल्यास त्यात उंदीर व त्यांच्यामागे सापही येतात. हिरवळ आखूड ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

नियंत्रण : घरच्या हिरवळीत खुरपे हेच मुख्य साधन होय. जून-जुलैत तणे दोन-चार पानांची असताना दर आठवड्यास केलेली निंदणी ऑक्टोबरातील अनेक दिवसांचे श्रम वाचविते. शेणखत पूर्ण कुजवून व चाळून वापरावे. उघड्या जागी हरळीचे ठोंब लावून ती लवकर झाकावी. गवत अतिशय खाली कापू नये. मुळाशी सावली राहिल्यास तणांचे बी कमी रुजते. २,४-डी हे तणनाशक रुंदपानी तणे मारते व गवत राखते, परंतु त्याचे तुषार वाऱ्याने उडून शेजारचा भाजीपाला व विशेषतः कपाशी यांना हानी पोहोचवितात. ग्लायफोसेट तणांबरोबर हिरवळही मारते. विहिरीजवळ, मुले खेळतात तेथे किंवा भाजी खुडली जाते तेथे ही औषधे वापरू नयेत. तणनाशक मारलेल्या हिरवळीतील घोळ, तरोटा किंवा केना यांची भाजी कधीही करू नये.

वर वर्णिलेल्या तणांपैकी सराटा, मोथा, नायटी व घोळ यांचा पारंपरिक वैद्यकात उपयोग सांगितला आहे. तथापि केवळ नावाच्या साम्यावरून किंवा दिसण्यावरून त्यांचे सेवन करणे धोक्याचे आहे. निंदणीच्या वेळी प्रत्येक रोप एकदा नीट पाहून मगच उपटण्याची सवय लावून घेतल्यास हिरवळ स्वच्छ राहतेच, शिवाय काय खाण्याजोगे, काय टाकण्याजोगे आणि कशाला हात लावू नये, याचे ज्ञान घरातील मुलांनाही आपोआप मिळते.